जुना हुकमी खेळाडू ठेवायचा की थांबवायचा? रविवारच्या संघासाठी कृती

बंगळुरातल्या चिकपेटातली कापडाची बहुतेक दुकानं रविवारी बंद, म्हणून पेठेतलं क्रिकेटही रविवारचंच. शिंपी, भावसार, रंगारी, खानापूर-आटपाडीकडून आलेले गलाईवाले अशा मराठी घरांतली मुलं मारवाडी आणि कन्नड दोस्तांबरोबर मिसळून संघ काढतात. सकाळी सहाला किट बॅग स्कूटरवर टाकून चामराजपेट नाहीतर बसवनगुडीचं मैदान गाठतात. अशा जवळजवळ प्रत्येक संघात एक माणूस असतो. पंधरा-वीस वर्षं सलामीला तोच, स्लिपमध्ये तोच, नाणेफेकीला तोच. मग एक हंगाम असा येतो की सगळ्यांना दिसतं आणि कुणीच बोलत नाही.

संघाची चिटणिशी करणाऱ्याला हा प्रसंग चुकत नाही. खालची कृती त्याच्यासाठी आहे. मोठ्या क्रिकेटमधले दाखले घेतलेत, कारण तिथल्या निर्णयांची नोंद उघड आहे. त्यांतला सर्वांत उपयोगी दाखला आपल्याच गावचा आणि मराठी घरातला, राहुल द्रविडचा.

जानेवारी २०११ मध्ये आयपीएलचा लिलाव बंगळुरातच झाला. रॉयल चॅलेंजर्सनी आधीच्या संघातला फक्त विराट कोहली राखला होता. पहिल्या हंगामाचा कर्णधार द्रविड त्यांनी सोडला आणि राजस्थान रॉयल्सनी त्याला पाच लाख डॉलरला घेतलं. गावात हळहळ झाली. पण पुढं काय झालं ते पाहा. त्या वर्षी बंगळुरू गुणतक्त्यात पहिलं आलं आणि अंतिम सामन्यापर्यंत गेलं. द्रविडनं त्याच वर्षी कसोटीत पाच शतकं ठोकली, त्यांतली तीन इंग्लंडच्या एकाच दौऱ्यात. नंतर २०१२ आणि २०१३ मध्ये तो राजस्थानचा कर्णधार होता आणि २०१३ मध्ये त्यानं संघ बाद फेरीत नेला. म्हणजे सोडणाराही चुकला नाही आणि घेणाराही. सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे: खेळाडू संपला की नाही हे ठरवायचं नसतं, त्याचं कोणतं काम संपलं ते ठरवायचं असतं.

साहित्य

- मागच्या दोन हंगामांची स्कोअरबुकं. मोबाइलवर गुण ठेवत असाल तर त्याची छापील प्रत.
- आडवा मोठा कागद आणि दोन रंगांची पेनं.
- तीन माणसांची समिती: कर्णधार, खेळणं थांबवलेला एक ज्येष्ठ आणि गुण लिहिणारा. ज्याच्याबद्दल निर्णय आहे तोच कर्णधार असेल, तर त्याच्या जागी यष्टिरक्षक घ्यावा. सगळ्या चेंडूंकडे त्याचं लक्ष असतं.
- स्टॉपवॉच, वीस जुने चेंडू, दोन जोड पॅड.
- वेळ: हंगाम संपल्यापासून पुढची यादी लागेपर्यंतचा काळ.

पायरी १: तारीख आधी ठरवा

हरलेल्या सामन्यानंतर चहाच्या टपरीवर हा विषय काढायचा नाही. वर्षात दोनच तारखा ठेवा: एक हंगाम संपल्यावर पंधरा दिवसांनी, दुसरी यादी लागण्याच्या महिनाभर आधी. त्या तारखा हंगामाच्या पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे बैठक भरली की कुणा एकावर गदा आली असं वाटत नाही.

घाईचं काय होतं याचा नमुना अजित वाडेकर. १९७१ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारतानं वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकल्या. १९७४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी हरल्या, लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत गुंडाळला गेला. मायदेशी येताच दुलीप करंडकाच्या पश्चिम विभाग संघातूनही त्याला वगळलं आणि त्यानं खेळणंच थांबवलं. कर्णधार बदलणं कदाचित योग्यही असेल, पण राग ताजा असताना घेतलेला निर्णय शिक्षेसारखा दिसतो. त्या माणसाला तो तसाच लक्षात राहतो आणि संघालाही.

पायरी २: वयाचा रकाना काढून टाका

कागदावर जन्मतारीख लिहायची नाही. प्रा. दि. ब. देवधरांचा जन्म १८९२ चा. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या विजयाच्या वेळी ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते आणि त्याच हंगामात त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. वय पाहून संघ निवडला असता, तर महाराष्ट्राचा कर्णधार आधीच घरी बसला असता.

याची दुसरी बाजूही आहे. तिशीतल्या खेळाडूचे गुडघे दुकानात दिवसभर उभं राहून आधीच गेलेले असू शकतात. आपल्याला वय मोजायचं नाही, काम मोजायचं आहे.

पायरी ३: त्याच्या कामांची फोड करा

कागदावर आडव्या ओळी आखा आणि तो माणूस संघासाठी जे जे करतो ते एकेका ओळीत लिहा. पेठेतल्या संघात यादी साधारण अशी निघते:

१. नव्या चेंडूला सलामी.
२. धाव पळून काढणं.
३. स्लिप किंवा पॉइंटला क्षेत्ररक्षण.
४. कर्णधारपद आणि गोलंदाजांची फिरवाफिरव.
५. पंचांशी आणि समोरच्या संघाशी बोलणं.
६. मैदान मिळवणं, वर्गणी गोळा करणं.
७. पोरांना शिकवणं.
८. टी-शर्ट किंवा चेंडूंचा खर्च.

आता तीन रकाने: ‘आज कसं होतंय’, ‘दोन हंगामांपूर्वी कसं होत होतं’, ‘दुसरं कोण करू शकेल’. समितीतल्या तिघांनी आपापला कागद वेगळा भरायचा आणि नंतर जुळवायचे. एकत्र बसून भरलात तर पहिला बोलणारा बाकीच्यांचं मत ठरवून टाकतो.

गलाईवाला दागिन्याची घडण पाहून भाव करत नाही, वितळवून कस काढतो. इथंही तसंच. ‘आपला अण्णा’ म्हणून एकरकमी भाव केला तर फसगत होते. आठ ओळी वेगळ्या केल्या की बहुतेक वेळा दिसतं की दोन-तीन कामं उतरलीत, दोन जशीच्या तशी आहेत आणि एखादं आधीपेक्षा सुधारलंय.

पाचव्या ओळीनंतरची कामं मैदानाबाहेरची आहेत. त्यांच्यासाठी अकरातली जागा लागत नाही. ही रेघ ठळक पेनानं ओढा. पुढचे अर्धे वाद तिथंच मिटतात.

पायरी ४: स्कोअरबुक बारकाईनं वाचा

नुसती सरासरी पाहू नका. मागचे बारा डाव काढा आणि समासात पेन्सिलीनं खुणा करा. ‘उ’ म्हणजे चेंडूवर बॅट उशिरा आली. ‘ध’ म्हणजे दोन धावा होत्या, एकच घेतली. ‘झ’ म्हणजे झेल सुटला. ‘फ’ म्हणजे सीमारेषेवरची फेक मधल्या माणसानं पुढं पाठवावी लागली. या खुणा गुण लिहिणाऱ्याला आठवणीतून करता येतात. हंगाम सुरू होतानाच सांगून ठेवलं तर आणखी चांगलं.

समजा, बारा डावांची सरासरी २८ आहे. ऐकायला ठीक वाटते. खुणा केल्यावर दिसतं की दोन मोठ्या खेळी नवख्या संघांविरुद्ध झाल्या आणि उरलेल्या दहा डावांत सात वेळा पहिल्या पाच षटकांत बाद. त्यांतले पाच ‘उ’. आणि ‘ध’ सतरा. म्हणजे तो बाद होत नाही तेव्हाही समोरचा फलंदाज धावा गमावतोय. सरासरीत हे कुठंच दिसत नाही.

कसा बाद होतो हे किती काढतो याइतकंच महत्त्वाचं. २०११-१२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात द्रविडनं आठ डावांत १९४ धावा केल्या. एका मालिकेतल्या कमी धावा कुणाच्याही होतात. त्या दौऱ्यात इतर मोठ्या फलंदाजांच्याही झाल्या. पण आठांपैकी सहा वेळा तो त्रिफळाचीत झाला, आणि ज्याच्या बचावाला जगानं भिंत म्हटलं त्याच्या बाबतीत हे लक्षण बोलकं होतं. त्यानं ते स्वतः ओळखलं. ९ मार्च २०१२ रोजी चिन्नास्वामी स्टेडियममध्ये त्यानं आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. १६४ कसोटी, १३,२८८ धावा, ३६ शतकं, आणि थांबायला दौरा संपल्यानंतरचे काही आठवडे पुरले.

नियम असा धरा: धावा आटल्या तर थांबून पाहा, पण बाद होण्याची तीच तऱ्हा चारपेक्षा जास्त वेळा दिसली तर ती ओळ लाल पेनानं लिहा.

पायरी ५: मैदानावर चाचणी घ्या, पण सगळ्यांची

फक्त त्याची चाचणी घेतली तर तो अपमान ठरतो. म्हणून यादीतल्या सगळ्यांचीच एकाच सकाळी घ्या.

- पॅड बांधून, हातात बॅट घेऊन तीन धावा पळायच्या. दोन क्रीझमधलं अंतर ५८ फूट, म्हणजे साधारण १७.७ मीटर. वेळ लिहायची. पाच मिनिटांनी परत. दुसरी वेळ पहिलीपेक्षा बरीच वाढली तर अडचण वेगात नाही, दमात आहे. ती सरावानं भरून निघते.
- स्लिपमध्ये वीस झेल.
- सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडं पाच फेकी. एका टप्प्यात किती पोहोचल्या ते लिहा.
- नव्या चेंडूवर संघातल्या सर्वांत वेगवान गोलंदाजाची चार षटकं.

तुलना संघातल्या मधल्या खेळाडूशी करायची. एकोणीस वर्षांच्या पोराशी तुलना केली तर निम्मा संघ बाद होईल.

पायरी ६: बदली खेळाडूला त्याच जागी खेळवून पाहा

सर्वांत जास्त संघ इथं चुकतात. ज्येष्ठाला आधी काढतात आणि मग जागेवर कोण ते शोधत बसतात.

ऑक्टोबर २०१० मध्ये चिन्नास्वामीवर ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी होती. चौथ्या डावात जिंकायला २०७ हव्या होत्या. पदार्पण करणाऱ्या चेतेश्वर पुजाराला धोनीनं तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं. ती जागा द्रविडची, मैदानही द्रविडचं, आणि द्रविड त्याच संघात होता. पुजारानं ७२ केल्या आणि सामना जिंकला. द्रविड थांबला त्याच्या जवळजवळ दीड वर्ष आधीची ही गोष्ट. ऑगस्ट २०१२ मध्ये, द्रविड गेल्यानंतरच्या पहिल्याच कसोटीत, हैदराबादला पुजारा तिसऱ्या क्रमांकावर गेला आणि १५९ करून आला.

आपल्याकडं असं करा. हंगाम चालू असतानाच त्यातले चार सामने निवडा, त्यांत दोन तरी तगड्या संघांविरुद्धचे. त्या चारही सामन्यांत नव्या मुलाला ज्येष्ठाच्या जागी पाठवा आणि ज्येष्ठाला दोन-तीन क्रमांक खाली. मुलगा पहिल्या सामन्यात शून्यावर बाद झाला तरी चारही सामने पुरे करा. ज्येष्ठाला आधीच सांगा की हा प्रयोग आहे आणि चारच सामन्यांचा आहे. त्यानंच मुलाला सलामीचा सराव द्यावा, असंही सुचवा. बहुतेक ज्येष्ठ हे मनापासून करतात. जो करत नाही, त्याच्याबद्दलही समितीला काही कळतं.

पायरी ७: काढण्याआधी काम छाटून पाहा

सगळं किंवा काहीच नाही, असा निर्णय क्वचितच लागतो. अमेरिकेतल्या बेसबॉलमधला अल्बर्ट पुहोल्स पाहा. २०२२ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी तो सेंट लुईस कार्डिनल्सकडं परत आला. त्याला रोज खेळवलं नाही. मुख्यतः डावखुऱ्या पिचरसमोर, बहुतेक वेळा फटकेबाजीपुरता उतरवला. त्या एका हंगामात त्यानं २४ होम रन मारले आणि कारकीर्द ७०३ वर संपवली. काम नेमकं ठरवलं होतं, म्हणून ते जमलं.

याच्या उलट आयपीएलमधल्या चेन्नईचं. २८ मार्च २०२५ रोजी चेपॉकवर बंगळुरूविरुद्ध धोनी नवव्या क्रमांकावर आला. १६ चेंडूंत नाबाद ३० केल्या, टाळ्या मिळाल्या आणि संघ ५० धावांनी हरला. दोन दिवसांनी प्रशिक्षक स्टीफन फ्लेमिंगनं गुडघ्यांची अडचण उघड सांगितली: धोनी दहा षटकं फलंदाजी करू शकत नाही. गुडघ्यांसाठी क्रमांक खाली नेणं समजण्यासारखं आहे. पण तो येईपर्यंत सामना निघून गेला असेल, तर ते काम संघाचं उरत नाही, प्रेक्षकांचं होतं. कर्णधार तेव्हा पुण्याचा ऋतुराज गायकवाड होता. अशा वेळी तरुण कर्णधाराची किती ओढाताण होत असेल, याचा विचार समितीनं करावा.

काम छाटताना कागदावर एक वाक्य लिहा: ‘अण्णा मधल्या फळीत पाचव्या क्रमांकावर, फिरकी सुरू असताना.’ असं नेमकं वाक्य लिहिता आलं तर ठेवा. ‘अनुभवाचा फायदा होईल’ एवढंच लिहिता आलं, तर ती जागा नव्या मुलाची आहे.

कर्णधारपद हे वेगळं काम आहे, ते फलंदाजीच्या आधी काढता येतं. पण कसं काढता याला महत्त्व. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सनी रोहित शर्माच्या जागी हार्दिक पांड्याला कर्णधार केलं. २०२४ च्या हंगामात स्वतःच्या मैदानावरही नव्या कर्णधाराची हुर्यो झाली आणि संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये अजिंक्य रहाणेनं मुंबईचं रणजी कर्णधारपद हंगामाआधी स्वतः सोडलं, नवा नेता घडवायची हीच वेळ आहे असं सांगून, आणि फलंदाज म्हणून खेळत राहिला. शार्दूल ठाकूरकडं सूत्रं गेली, आरडाओरडा झाला नाही. जमेल तिथं दुसरा मार्ग धरा: ज्येष्ठालाच जाहीर करू द्या.

पायरी ८: लांबचा शब्द देऊ नका

‘अण्णा, तुम्ही खेळाल तोवर सलामी तुमचीच’, हे वाक्य वार्षिक जेवणात हमखास निघतं. ते बोलू नका. पुहोल्सलाच एंजल्स संघानं २०११ च्या शेवटी दहा वर्षांचा, सुमारे २४ कोटी डॉलरचा करार दिला होता. दहावं वर्ष सुरू असताना, मे २०२१ मध्ये त्यांना त्याला मोकळं करावं लागलं. आपल्याकडं पैसा नसतो, पण शब्दही बांधून ठेवतोच. शब्द एका हंगामाचा द्यावा आणि तो यादीच्या खाली लिहून ठेवावा.

पायरी ९: निर्णय करा

आता सगळे कागद एकत्र ठेवा. तीनच निकाल शक्य आहेत.

(अ) मुख्य मैदानी कामं लाल आहेत आणि बदली खेळाडू चार सामन्यांत कसोटीला उतरलाय: अकरातली जागा सोडायला सांगा.

(आ) मुख्य कामं लाल आहेत पण बदली तयार नाही: एक हंगाम ठेवा. त्या हंगामात बदली तयार करणं ही कर्णधाराची जबाबदारी, आणि हे ज्येष्ठाला आजच सांगा.

(इ) काही कामं लाल, काही शाबूत: पायरी ७ प्रमाणे काम छाटा.

समितीत एकमत झालं नाही तर (आ) धरा. दोन विरुद्ध एक अशा मतानं एवढ्या माणसाला थांबवू नये.

त्याला मधल्या मधे लटकत ठेवणं हा चौथा निकाल नाही. द्रविडला २००७ मध्ये एकदिवसीय संघातून वगळलं, २००९ मध्ये परत घेतलं, पुन्हा वगळलं, आणि २०११ मध्ये इंग्लंडमध्ये गरज पडल्यावर पुन्हा बोलावलं. त्या वेळी त्यानंच सांगितलं की ही मालिका शेवटची. खेळाडूवर ही वेळ आणायची नसेल, तर निवड समितीनं स्वतःच स्पष्ट व्हावं.

पायरी १०: तोंडावर सांगा, यादीआधी सांगा

डिसेंबर २०१२ मध्ये संदीप पाटील अध्यक्ष असलेल्या निवड समितीनं सचिन तेंडुलकरला भेटून पुढचा विचार काय असं विचारलं. हे पाटलांनीच पुढं जाहीरपणे सांगितलं. २३ डिसेंबरला सचिन एकदिवसीय क्रिकेटमधून निवृत्त झाला. देशातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूलाही समोर बसून विचारता येतं. मग आपल्या संघातल्या अण्णांना व्हॉट्सॲपवरच्या यादीतून कळावं, हे बरं नाही.

कोण: कर्णधार किंवा समितीतला ज्येष्ठ. एकच माणूस. तिघं गेले की पंचायत वाटते.

कुठं: त्याच्या दुकानात, गल्ल्यासमोर, गिऱ्हाईक आणि नोकर ऐकत असताना अजिबात नाही. मैदानावरही नाही. रविवारी संध्याकाळी घरी, किंवा बळेपेठेतल्या एखाद्या उडुपी हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल.

केव्हा: यादी लागण्याच्या किमान आठवडाभर आधी.

काय: पहिल्या दोन मिनिटांत निर्णय सांगा. आधी वीस मिनिटं स्तुती केली की माणूस ओळखतो आणि ती स्तुतीही खोटी ठरते. साधारण असं बोला:

‘अण्णा, यादी पुढच्या रविवारी लागतेय. त्याआधी तुमच्याशी बोलायला आलो. या हंगामात सलामीला आपण नव्या मुलाला पाठवणार आहोत. अकरात तुमचं नाव नाही. नव्या चेंडूवर गेल्या बारा डावांत काय झालं ते मी लिहून आणलंय, बघायचं असेल तर बघा.’

मग गप्प बसा. कागद त्यानं मागितला तरच पुढं करा.

तो तीनपैकी काहीतरी करेल. ‘मला माहीत होतं’ म्हणाला, तर आभार माना आणि पायरी ११ वर या. चिडला, तर वाद घालू नका, निर्णयही बदलू नका. ‘दोन दिवसांनी परत येतो’ म्हणून उठा आणि खरंच परत जा. ‘एक हंगाम द्या’ म्हणाला, तर कोणत्या कामासाठी ते त्यालाच विचारा. त्याचं उत्तर पायरी ७ मधल्या वाक्याइतकं नेमकं असेल, तर समितीपुढं पुन्हा ठेवायला हरकत नाही.

पेठेतली एक खास अडचण: टी-शर्ट, चेंडू, मैदानाचं भाडं त्याच्याच दुकानातून येतं. तसं असेल तर भेटीला जाण्याआधीच माणशी वर्गणी किती वाढवावी लागेल याचा हिशेब करा आणि संघापुढं ठेवा. पैसा थांबेल या भीतीनं जागा दिली, तर तो संघ त्याचा होतो आणि बाकीचे दहा पाहुणे.

पायरी ११: निरोप आणि पुढचं काम

निरोपाचा सामना साखळीतला किंवा बाद फेरीतला नको. शेजारच्या पेठेतल्या संघाबरोबर मैत्रीचा सामना ठरवा. सलामीला त्यालाच पाठवा, नवा चेंडू खेळू द्या. सामन्यानंतर म्हैसूर पेटा, शाल, चंदनाचा हार, फळांची करंडी असा रीतसर सत्कार. भाषणं दोनच: एक कर्णधाराचं, एक त्याचं.

निरोपाचा सामना नाही झाला तरी बिघडत नाही, शेवटची चांगली खेळीही लक्षात राहते. मार्च १९८७ मध्ये चिन्नास्वामीवर पाकिस्तानविरुद्ध सुनील गावसकरनं वळणाऱ्या खेळपट्टीवर चौथ्या डावात ९६ केल्या. भारत १६ धावांनी हरला, पण त्याच्या शेवटच्या कसोटीतली ही खेळी आजही चांगल्यांत चांगली म्हणून सांगतात. चिकपेटहून मेट्रोत बसलं, मजेस्टिकला गाडी बदलली आणि कब्बन पार्कला उतरलं की ते मैदान समोर आहे. तरुणांना तिथं नेऊन ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

निरोपानंतर खरं काम द्या, ‘सल्लागार’ अशी नुसती पाटी नको. मंगळवारचा सोळा वर्षांखालच्या मुलांचा सराव, निवड समितीत एक मत, किट बॅगची जबाबदारी, यांपैकी एक तरी. द्रविडनं थांबल्यावर १९ वर्षांखालच्या मुलांना आणि भारत ‘अ’ संघाला शिकवलं, २०१९ मध्ये बंगळुरातल्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीची सूत्रं घेतली आणि २९ जून २०२४ रोजी त्याच्या प्रशिक्षणाखाली भारतानं टी-२० विश्वचषक जिंकला. तो कसोटी क्रिकेटमधून थांबला तेव्हा त्याची बारा वर्षांची कामगिरी अजून बाकी होती.

हे टाळा

- दुखापतीचं निमित्त पुढं करून वगळणं. चार आठवड्यांनी तो बरा होऊन उभा राहिला की काय सांगणार?
- त्याच्या मुलाला संघात घेऊन बापाला थांबवण्याचा सौदा. मुलाला मुलाच्या धावांवर घ्या.
- ‘तोच ठरवेल’ म्हणून समितीनं हात वर करणं. द्रविडसारखं वेळेवर ओळखणारे थोडे. बाकीच्यांना कुणीतरी सांगावं लागतं आणि ते चिटणिसाचं काम आहे.
- थांबवल्यावर नव्या मुलावर दोन अपयशांत अविश्वास. त्यालाही पूर्ण हंगाम हवा.

या हंगामाच्या पहिल्या रविवारी दोन तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहा, गुण लिहिणाऱ्याला चार खुणा समजावून सांगा आणि नव्या मुलासाठी चार सामने आत्ताच राखून ठेवा. एवढं केलंत तर अण्णांच्या घरी जायची वेळ येईल तेव्हा तुमच्या हातात कागद असेल, आणि अण्णांना तुमचं बोलणं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटणार नाही.